सॉफ्टवेअर घेताना कंपन्या नेमकं काय विकत घेतात?

लिडल ही जर्मनीतली स्वस्त किराणा मालाच्या दुकानांची साखळी. दुकानं हजारोंनी, पसारा युरोपभर. २०११ मध्ये तिने आपली जुनी, घरीच बनवलेली संगणक यंत्रणा काढून सॅप या नावाजलेल्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. सात वर्षं काम चाललं, सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या आल्या, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात ते सगळं गुंडाळून कंपनी जुन्याच यंत्रणेकडे परतली. सांगितल्या गेलेल्या कारणांपैकी एक ऐकायला अगदी किरकोळ वाटतं. लिडल आपल्या साठ्याची किंमत खरेदीच्या भावाने धरायची, आणि सॅपचं दुकानांसाठीचं सॉफ्टवेअर मुळात विक्रीच्या भावाने. लिडलने आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअर बदलून घेतलं. मग एका ठिकाणी केलेला बदल दहा ठिकाणी टोचू लागला.

सल्लागार, पैसा, हुशार माणसं यांपैकी कशाचीच तिथे वाण नव्हती. पण सॉफ्टवेअर आपल्यासारखं वागणार की आपण त्याच्यासारखं, हे खरेदीआधीच बसून ठरवायचं असतं, आणि ठरवायचं तर कंपनीतल्या कोणाला तरी वाईट वाटणार असतं. म्हणून बहुतेक ठिकाणी तो विषय पुढे ढकलला जातो. जर्मनीतल्या नेकारसुल्म इथे मुख्यालय असलेल्या लिडलमध्ये जसा, तसाच पुण्याजवळच्या भोसरीतल्या साठ माणसांच्या कारखान्यातही. पुढचं सगळं मी अशाच एखाद्या मध्यम कारखान्याला समोर ठेवून सांगतो, कारण मोठ्या कंपन्यांकडे निदान चूक पचवायची ताकद असते.

खरेदीचा विचार सुरू कसा होतो? 'आपण आधुनिक होऊया' म्हणून कोणी उठत नाही. बहुतेक वेळा बाहेरून रेटा येतो. कधी तो सरकारचा असतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा हजारो दुकानदारांनी महिन्याभरात बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. मग ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणं, आलं: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना, आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर असलेल्या सगळ्यांना. १ एप्रिल २०२३ पासून प्रायव्हेट लिमिटेडसह प्रत्येक कंपनीचं हिशोबाचं सॉफ्टवेअर असं हवं की कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहील आणि ती खूण बंद करता येणार नाही. कधी रेटा गिऱ्हाईकाचा असतो: गाड्यांचे भाग घेणारी मोठी कंपनी सांगते की यापुढे प्रत्येक पेटीवर बारकोड हवा आणि माल निघाल्याची सूचना आमच्या यंत्रणेत आपोआप यायला हवी. आणि कधी स्टोअर सांभाळणारे काका पंधरा दिवस रजेवर जातात, तेव्हा कुठला माल कुठे आहे हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं असं मालकांच्या लक्षात येतं.

आता ही तीन कारणं तीन वेगळ्या वस्तू मागतात. फक्त ई-इन्व्हॉइस हवं असेल तर टॅलीची नवी आवृत्ती पुरते, लाखो रुपयांच्या ईआरपीची गरज नाही. ईआरपी म्हणजे गिऱ्हाईकाच्या ऑर्डरपासून खरेदी, स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच, बिल आणि वसुली हे सगळं एकाच वहीत. एकाने नोंद केली की दुसऱ्याला ती परत करावी लागत नाही. ऐकायला छान आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की स्टोअरमध्ये चुकलेला आकडा त्याच दिवशी अकाउंट्समध्ये पोचतो. पूर्वी तो महिनाअखेरीला कोणीतरी गुपचूप दुरुस्त करायचं.

कोणाला विचारलं जातं

निवडीच्या बैठकीला मालक असतात, अकाउंट्सचे साहेब असतात, कॉम्प्युटर बघणारा एक मुलगा असतो, बहुधा सीए असतात. जो माणूस दिवसातून ऐंशी वेळा त्या पडद्यावर बोटं चालवणार आहे तो नसतो. परिणामी हिशोबाची बाजू उत्तम असलेलं सॉफ्टवेअर निवडलं जातं, आणि गेटवर आलेल्या ट्रकची नोंद करायला सात पडदे उघडावे लागतात हे घेतल्यावर कळतं. ट्रकवाला तोवर थांबत नाही. मग नोंद कागदावर होते, संध्याकाळी कोणीतरी ती 'सिस्टिमला टाकतं', आणि ताज्या साठ्याचं स्वप्न तिथेच संपतं.

मोठ्या संस्था गरजांची यादी करतात. तिला आरएफपी म्हणतात. चारशे ओळी, प्रत्येकीपुढे 'आहे का?' असा रकाना. विकणाऱ्या पार्ट्या चारशे वेळा 'हो' लिहितात. त्या खोटं बोलतात असं नाही. 'हो'चे तीन प्रकार असतात: एक, आज, आत्ता, आहे तसं चालतं, दोन, सेटिंग बदलून होईल, तीन, तुमच्यासाठी वेगळं लिहून द्यावं लागेल. पहिल्याला पैसे पडत नाहीत, दुसऱ्याला थोडा वेळ पडतो, तिसरा प्रकार आयुष्यभर पोसावा लागतो, कारण सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली की तो भाग पुन्हा तपासावा लागतो. म्हणून यादीत रकाना एक नको, तीन हवेत. माझ्या मते तर चारशे ओळीही नकोत. बिलं छापणं, खातेवही, थकबाकीचा तक्ता हे सगळ्यांकडे असतंच. आपला धंदा जिथे इतरांपेक्षा वेगळा आहे अशा पंधरा-वीस गोष्टी लिहाव्यात आणि त्यांच्यावरच सगळा जोर लावावा.

डेमो

डेमो म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. घर आवरलेलं असतं, सगळे हसतमुख असतात, पडद्यावर 'एबीसी कंपनी' नावाची एक आदर्श संस्था असते जिचा माल कधी रिजेक्ट होत नाही. त्यावरून काहीही कळत नाही. डेमो आपल्या प्रकरणांवर मागावा, आणि प्रकरणं मुद्दाम अवघड द्यावीत.

एक प्रकरण जॉबवर्कचं, म्हणजे आपला माल बाहेरच्या पार्टीकडून प्रक्रिया करून घेण्याचं, द्या. हजार किलो पट्ट्या प्लेटिंगला गेल्या. परत आल्या ९६० किलो, तेही तीन खेपांत. त्यातल्या २५ किलो रिजेक्ट, उरलेल्यांत काही तुकडे भंगार. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं. शिवाय या सगळ्याचं आयटीसी-०४ विवरण भरावं लागतं. तर सॉफ्टवेअरने दाखवावं: माल पाठवतानाच्या कुठल्या चलानाचा किती माल कुठल्या पार्टीकडे किती दिवस पडून आहे, आणि कमी आलेल्या किलोंचं काय केलं. परदेशात लिहिलेली चांगली चांगली सॉफ्टवेअरं इथे अडखळतात, कारण प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग असा माल चार शेडांतून फिरवायची आपली पद्धत त्यांनी पाहिलेली नसते.

दुसरं प्रकरण भावफरकाचं. स्टीलचा भाव वाढला म्हणून गिऱ्हाईकाने तीन महिने मागच्या तारखेपासून दर वाढवून दिला. आता आधीच्या दोनशे बिलांवर फरकाची डेबिट नोट, म्हणजे वाढीव रकमेची पुरवणी मागणी, काढायची. दोनशे वेळा हाताने, की एका फटक्यात? समोरचा तरुण 'हे आम्ही नंतर दाखवतो' म्हणाला तर ते 'हो'च्या तिसऱ्या प्रकारात लिहून ठेवा.

जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन विचारणं सगळे करतात, पण जातात विकणाऱ्या पार्टीबरोबर आणि बसतात मालकाच्या केबिनमध्ये. त्या मालकाने तीस लाख घालवलेले असतात. तो सॉफ्टवेअर वाईट आहे असं कशाला म्हणेल? त्याच्या स्टोअरमध्ये जा. तिथल्या टेबलावर हाताने लिहिलेलं रजिस्टर दिसलं तर उत्तर मिळालं.

पैशांचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून आकडे मांडून दाखवतो. आकडे काल्पनिक आहेत, त्यांची घडण खरी आहे. समजा २५ जण वापरणार आहेत. एक पार्टी म्हणते, सॉफ्टवेअर विकत घ्या, साडेसहा लाख. दुसरी म्हणते, भाड्याने वापरा, माणशी महिना १,२०० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. मालक साडेसहा आणि तीन-साठ हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि भाड्याचं स्वस्त आहे म्हणतात.

पाच वर्षांचं बघू. विकत घेतलेल्यावर दुसऱ्या वर्षापासून देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, लागतो. तो मूळ किमतीच्या साधारण १५ ते २२ टक्के असतो. १८ टक्के धरले तर वर्षाला १ लाख १७ हजार, चार वर्षांचे ४ लाख ६८ हजार. स्वतःचा सर्व्हर, यूपीएस, बॅकअप यांचे ३ लाख. एकूण १४ लाख १८ हजार. भाड्याचे पाच वर्षांत १८ लाख. म्हणजे चित्र उलटं झालं. पण भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर जळण्याची धास्ती नाही, आणि पंचवीसचे पंधरा वापरणारे उरले तर करारात सोय असल्यास खर्च कमी होतो. आयकरातही फरक आहे: विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मालमत्तेत जातं आणि त्यावर ४० टक्के दराने घसारा मिळतो, भाडं त्या वर्षीच्या खर्चात बसतं. आपल्या सीएंना दोन्ही आकडे एकाच पानावर मांडायला सांगावं.

आणि हे सगळं झाल्यावरही मोठी रक्कम बाहेरच राहते. बसवण्याचे पैसे, म्हणजे इम्प्लिमेंटेशन, दोन्हींत वेगळे. सॉफ्टवेअरच्या किमतीएवढे, कधी त्याहून जास्त. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला, लायसन्सचे पैसे शून्य. म्हणून ते फुकट पडतं असं समजणाऱ्यांना बसवणाऱ्याचं कोटेशन आलं की धक्का बसतो. त्यात अन्याय काही नाही, कारण मेहनत तिथेच आहे. शिवाय आपली माणसं: दोन अनुभवी कर्मचारी सहा महिने अर्धा दिवस याच कामात राहणार. महिना ४० हजार पगार धरला तर त्यांच्या वेळेचेच २ लाख ४० हजार होतात. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, आणि तो केला नाही तर बाकीचा बुडतो. नवीन भरती झालेल्या मुलाला 'तू बघ रे' म्हणून या कामावर बसवणारे कारखाने मी पाहिले आहेत. त्याला बिचाऱ्याला जुनं काम कसं चालतं हेच माहीत नसतं.

विकणारी पार्टी आणि बसवणारी पार्टी बहुधा वेगळी असते. मोठी कंपनी सॉफ्टवेअर बनवते, स्थानिक पार्टनर ते बसवतो. डेमोला पार्टनरचा सगळ्यात तयार माणूस येतो. पीओ, म्हणजे आपली खरेदीची लेखी ऑर्डर, निघाल्यावर कोण येतो हे बघा. प्रत्यक्ष बसून काम करणारे दोघे कोण, त्यांनी याआधी आपल्या धंद्यातलं किती काम केलंय, हे विचारून त्यांची नावं पीओत घालावीत. सॉफ्टवेअर मध्यम आणि माणूस चांगला, ही जोडी उलट जोडीपेक्षा जास्त वेळा तरते.

सरकारी वाट वेगळी

सरकारी कार्यालय, महापालिका, विद्यापीठ यांना मनाला येईल तसं निवडता येत नाही. निविदा काढावी लागते. २०१६ पासून बरीच खरेदी जेम या सरकारी पोर्टलवरून होते. जुनी पद्धत एल-वन: अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर कमी, त्याला काम. लोखंडी कपाटाला ही पद्धत ठीक आहे. सॉफ्टवेअरला ती घातक ठरते, म्हणून गुणवत्ता आणि दर दोन्ही मोजणारी क्यूसीबीएस पद्धत वापरतात.

तिचं गणित मजेशीर आहे. 'क'ला तांत्रिक गुण ९०, दर १ कोटी. 'ख'ला तांत्रिक गुण ७५, दर ७० लाख. सगळ्यात कमी दराला १०० गुण, म्हणून 'ख'ला १००. 'क'चा दर त्या प्रमाणात, म्हणून ७०. गुणवत्तेला ७० टक्के आणि दराला ३० टक्के वजन दिलं तर 'क' ८४, 'ख' साडेब्याऐंशी, काम 'क'ला. तेच वजन ६० आणि ४० केलं तर 'क' ८२, 'ख' ८५, काम 'ख'ला. बोली त्याच, पार्ट्या त्याच. म्हणजे निविदा उघडायच्या कितीतरी आधी, वजनं लिहिणाऱ्या टेबलावर, निम्मा निकाल लागलेला असतो. वर्तमानपत्रात 'कमी दराची बोली डावलली' अशी बातमी आली की मी आधी हे प्रमाण शोधतो.

आपली रीत की त्याची

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे: सॉफ्टवेअर आपल्यासारखं वागणार की आपण त्याच्यासारखं? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या महापालिकेने जुनं सॅप काढून ओरॅकल या दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. ठरलं असं होतं की सॉफ्टवेअर आहे तसं स्वीकारायचं, कामाची पद्धत आपण बदलायची. प्रत्यक्षात एकेक खातं 'आमचं मात्र वेगळं आहे' म्हणत गेलं आणि बदल साठत गेले. एप्रिल २०२२ मध्ये यंत्रणा सुरू झाली, आणि बँकेत आलेले पैसे कोणत्या खात्याचे हे जुळवणारा, खास लिहून घेतलेला भागच कोलमडला. माणसं बसवून हाताने नोंदी जुळवाव्या लागल्या. सुमारे १.९ कोटी पौंडांचा मूळ अंदाज १० कोटींच्या पुढे गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेने पैसे संपल्याची कायदेशीर नोटीस काढली. त्यामागे समान वेतनाची जुनी देणी हे मोठं कारण होतं, पण या सॉफ्टवेअरचाही उल्लेख झाला. शेवटी त्यांनी तेच सॉफ्टवेअर पुन्हा, या वेळी आहे तसं, बसवायचं ठरवलं.

म्हणून काहीच बदलून घेऊ नये का? तसंही नाही. मी एक साधी कसोटी लावतो: या पद्धतीमुळे गिऱ्हाईक आपल्याकडे येतं का? भोसरीतला कारखाना जर चोवीस तासांत नमुना बनवून देण्यासाठी ओळखला जात असेल तर ती घाई सॉफ्टवेअरला यायलाच हवी, त्यासाठी पैसे मोजावेत. पण रजेच्या अर्जावर चार सह्या, खरेदीच्या बिलाला आपला खास क्रमांक, साहेबांना हवा तसाच आडवा तक्ता, यांच्यासाठी गिऱ्हाईक एक रुपयाही देत नाही. तिथे सॉफ्टवेअरचं ऐकावं. अडचण एवढीच की त्या चार सह्यांपैकी एक सही बैठकीत बसलेल्या कोणाची तरी असते. म्हणून हा निर्णय आयटीवाल्या मुलावर सोडता येत नाही. मालकांनीच घ्यावा लागतो.

माहितीची साफसफाई हाही असाच नावडता विषय. वीस वर्षांच्या एक्सेलमध्ये एकच बोल्ट पाच नावांनी असतो, एकच पार्टी तीन वेळा. हा कचरा नव्या यंत्रणेत ओतला की ती पहिल्या दिवशीच चुकीचा साठा दाखवते आणि लोक म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. सॉफ्टवेअर निवडण्याआधीच मास्टर, म्हणजे मालाच्या आणि पार्ट्यांच्या मूळ याद्या, साफ करायला घ्यावेत. ते काम कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी उपयोगी पडतं, आणि अगदी नाहीच घेतलं तरी.

सुरू करायची तारीख कधीही दसरा-दिवाळीच्या तोंडावर नको. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ११.२ कोटी डॉलरची नवी यंत्रणा एकदम सगळीकडे चालू केली, तीही जुलैत, म्हणजे हॅलोविन या तिकडच्या सणाच्या ऑर्डरी भरायच्या हंगामात. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत दाबून बसवलं होतं. गोदामात चॉकलेट होतं, पण यंत्रणेला ते दिसेना, आणि १० कोटी डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत. आपल्याकडे १ एप्रिलचा मोह सगळ्यांना असतो, वर्ष नवं म्हणून. पण ३१ मार्चला अकाउंट्सची माणसं जुनं वर्ष मिटवण्यात बुडालेली असतात. निदान स्टोअर आणि खरेदीचा भाग तरी जानेवारीत सुरू करून तीन महिने चालवून बघावा.

करारात काय हवं

पैसे टप्प्यांनी द्यावेत, आणि टप्पे तारखांना बांधू नयेत, कामाला बांधावेत. 'तिसऱ्या महिन्यात ३० टक्के' असं नको. 'ई-इन्व्हॉइससह एका पूर्ण महिन्याची बिलं नव्या यंत्रणेतून निघाली की ३० टक्के' असं हवं. शेवटचे १०-१५ टक्के पहिली महिनाअखेर सुरळीत जाईपर्यंत हातात ठेवावेत.

माहिती कुठे ठेवली जाणार हे विचारावं. हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, असा कंपन्यांसाठी २०२२ पासून नियम आहे. परदेशी क्लाउड घेताना हे लिहून मागावं लागतं. आणि उद्या त्या सॉफ्टवेअर कंपनीचा मालकच बदलला तर? व्हीएमवेअर ही सर्व्हरसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमची लायसन्सं विकणं बंद केलं. यापुढे फक्त वर्गणी. जगभरच्या आयटी विभागांना आपापलं बजेट पुन्हा मांडावं लागलं. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी दर किती टक्क्यांपर्यंतच वाढेल, ही ओळ पीओवर हवी. छोट्या पार्टीकडून घेत असाल तर ती बंद पडल्यास मूळ कोड आपल्याला मिळेल, अशी एस्क्रोची, म्हणजे तो कोड तिसऱ्याकडे ठेवायची, अट घालता येते.

राहिली सोडून जायची अट. लग्नाच्या बोलणीत काडीमोडाचा विषय काढू नये म्हणतात, पण इथे तो काढायचाच. करार संपला तर सगळ्या नोंदी, जोडलेल्या कागदपत्रांसकट, एक्सेलमध्ये उघडतील अशा रूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळतील? विकणारा माणूस हसून म्हणतो, 'साहेब, डेटा तुमचाच आहे.' त्याला म्हणावं, मग तेवढंच पीओवर लिहून द्या, दिवस आणि रुपये घालून. आणि पहिल्या वर्षीच एकदा सगळा डेटा मागवून, तो खरंच उघडतो का, हे आपल्या अकाउंट्सच्या माणसाकडून बघून घ्यावं.